नवशिक्यांना मैदानाबाहेर ठेवू नका : क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

क्लबची कार्यकारिणी आणि सर्व ज्येष्ठ सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणाऱ्या ठरावाचा मसुदा आम्हा सगळ्यांना मिळाला आहे. ज्याला रेडिओ कंट्रोलचे, म्हणजे जमिनीवरून चालवायचे छोटे विमान एकट्याने उडवता आणि उतरवता येते त्यालाच यापुढे सभासद करून घ्यावे, सुट्टीच्या सकाळची शिकवणी बंद करावी, आणि नवख्यांनी सिम्युलेटरवर (पडद्यावरच्या सरावाच्या विमानावर) आणि जायरो (विमान आपोआप सरळ ठेवणारे उपकरण) बसवलेल्या फोमच्या विमानावर आपले आपण शिकून यावे, असा त्याचा मथितार्थ. मी या ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. सभेत वेळ थोडा असतो आणि आवाज लवकर चढतात, म्हणून माझी कारणे आधीच सगळ्यांसमोर ठेवतो.

तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. आठवडाभर कामात जातो. सकाळी वारा शांत असतो तो वेळ मोजका, आणि नेमका तोच दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून त्याचे विमान सांभाळण्यात जातो. स्वतःचे विमान गाडीतून बाहेरही न काढता घरी परतलेले ज्येष्ठ मी पाहिले आहेत. त्यात एखाद्या नवख्याचे विमान फ्लाइट लाइन, म्हणजे उडवण्याची हद्द ओलांडून पिट्सच्या, म्हणजे आपण विमाने घेऊन थांबतो त्या जागेच्या डोक्यावरून गेले, की सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. तो यायलाच हवा. दोन किलोचे ट्रेनर, म्हणजे शिकण्याचे साधे विमान, ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्यात सुमारे ४०० जूल ऊर्जा असते. तेच विमान वीस मीटरवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून खाली सोडले तर जमिनीवर येताना जेवढी असेल तेवढी. आणि पुढे प्रॉपेलर फिरत असतो तो वेगळाच. तेव्हा धोका आहे, आणि ज्यांनी ठराव मांडला त्यांनी तो काळजीपोटीच मांडला आहे.

पण ठराव मंजूर झाल्यावर हा धोका जातो कुठे, याचा विचार मसुद्यात दिसत नाही. ज्याला विमान उडवायचे आहे तो उडवणारच. विमान बाजारात मिळते, ते चालवायचा हातातला ट्रान्समीटर मिळतो, आणि खोक्यावर लिहिलेले असते की कुणालाही जमेल. आपण त्याला फाटकावरून परत पाठवले तर तो वस्तीजवळचे मोकळे मैदान गाठेल. तिथे मुले खेळत असतील, माणसे फिरायला आलेली असतील, कडेने रस्ता असेल. तिथे फ्लाइट लाइन नाही, आकाशाकडे लक्ष ठेवणारा स्पॉटर नाही, वारा कुठून आहे हे सांगणारी कापडी नळी नाही, आणि ‘थ्रॉटल बंद कर’, म्हणजे मोटरची शक्ती तोड, असे वेळेवर ओरडणारे कुणी नाही. शिकण्याचा सर्वांत धोक्याचा टप्पा, म्हणजे पहिली काही उड्डाणे, आपण या ठरावाने जाणत्यांच्या नजरेआड आणि अनोळखी माणसांच्या डोक्यावर ढकलतो आहोत. पोहता येईल त्यालाच तलावात उतरू द्यायचे, असा हा नियम आहे.

सिम्युलेटरला मी नावे ठेवत नाही. मी स्वतः प्रत्येक नवख्याला तो आधी वापरायला सांगतो. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, आणि त्या वेळी हात गोंधळतो. विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला ट्रान्समीटरवरची काडी न्यायची, म्हणजे विमान सरळ होते. हे डोक्याला कळायला एक मिनिट लागते, बोटांना कळायला कित्येक तास. ते तास पडद्यावर घालवलेले बरे, कारण तिथे आपटलेले विमान एक बटण दाबले की पुन्हा उभे राहते. एवढे काम सिम्युलेटर उत्तम करतो.

पुढचे मात्र तो करत नाही. झाड विमानाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हा अंदाज सपाट पडद्यावर तयार होत नाही. सूर्य डोळ्यांवर आला की विमानाची नुसती काळी आकृती उरते. ते आपल्याकडे येते आहे की दूर चालले आहे हे क्षणभर कळत नाही, आणि त्या क्षणी काय करायचे हे कुणीतरी शेजारी उभे राहूनच सांगावे लागते. वाऱ्याचेही तसेच. पाठीवर वारा घेऊन येणारे विमान जमिनीच्या मानाने भरधाव दिसते. नवखा घाबरून थ्रॉटल कमी करतो आणि उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर उंची टिकवायला एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी, ओढतो. डोळ्यांना वेग भरपूर दिसत असतो, पण हवेच्या मानाने तो केव्हाच संपलेला असतो. आतल्या बाजूच्या पंखाला स्टॉल लागतो, म्हणजे त्याची उचल जाते, विमान त्याच अंगावर कलंडते आणि सावरायला उंची उरलेली नसते. आपल्या मैदानावर पडलेली विमाने आठवून पाहा. त्यातली किती याच वळणावर पडली हे तुम्हालाही माहीत आहे. हे टाळायला बोटांची तयारी पुरत नाही. ‘वेग बघू नकोस, नाक कुठे आहे ते बघ, थ्रॉटल वाढव’ हे शब्द त्या दोन सेकंदांत कानावर पडावे लागतात.

आता जायरोबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मसुद्याचा सगळा भरवसा त्याच्यावर दिसतो. जायरो विमान सरळ ठेवतो हे खरे. झुळूक आली की माणसाच्या आधी तो एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची पट्टी, हलवतो. पण तो बरोबर दिशेला हलवतो आहे की नाही, हे पाहायला माणूसच लागतो. काडीची दिशा आणि जायरोची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाच्या मागे उभे राहून काडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर जातो, इथवर नवखा पाहतो आणि सगळे ठीक आहे असे समजतो. आतला जायरो मात्र उलटा बसलेला असू शकतो. त्याची परीक्षा वेगळी. जायरो चालू ठेवून विमान हातात धरायचे आणि झटकन उजवा पंख खाली झुकवायचा. उजवा एलेरॉन खाली वळला पाहिजे, म्हणजे तो पंख वर उचलला जाईल. नाक खाली केले की एलेव्हेटर वर गेला पाहिजे. उलटे घडत असेल तर ते विमान हातातून सुटता क्षणी जेवढे कलते तेवढेच आणखी कलवले जाईल, आणि कितीही चांगला वैमानिक असला तरी ते वाचवणे कठीण. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती खोक्यातल्या कागदावर असते, पण लहान अक्षरांत, आणि पहिल्या उड्डाणाच्या उतावीळपणात तो कागद कोण वाचतो? आपल्याकडे ती टेबलाशी उभा असलेला दुसरा माणूस करतो.

आणखी एक. जायरोवर शिकलेल्याला विमान सरळ राहते ते कुणामुळे, हेच कळलेले नसते. विमान ट्रिममध्ये, म्हणजे काडी सोडली तरी सरळ जाईल असे लावलेले, आहे की नाही, गुरुत्वमध्य पुढे आहे की मागे सरकला आहे, हे सगळे जायरो झाकून ठेवतो. बॅटरी दोन बोटे मागे सरकवून बसवली तर विमान शेपटीकडे जड होते. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर हवा, तो त्याच्याही मागे जातो. जायरो तेही काही काळ रेटून नेतो. मग ज्या दिवशी तो बंद होतो किंवा चुकून त्याचा स्विच फिरतो, त्या दिवशी ते विमान एकाएकी अनोळखी होते. ज्याने जायरोशिवाय कधी उडवलेच नाही, त्याच्या हातात तेव्हा काहीच नसते.

आता शिकवणीत प्रत्यक्ष काय घडते तेही लिहितो, कारण कार्यकारिणीतल्या काही जणांना स्वतःला शिकून बराच काळ लोटला आहे. दोन ट्रान्समीटर जोडलेले असतात, पूर्वी तारेने, आता बहुधा बिनतारी. माझ्या ट्रान्समीटरवर स्प्रिंगचा एक स्विच असतो. तो दाबून धरला तोवर विमान विद्यार्थ्याचे. सोडला की त्याच क्षणी माझे. मी विमान वर नेतो, चूक झाली तर सावरायला वाव राहील एवढी उंची घेतो, ट्रिम करतो, आणि म्हणतो, ‘तुझ्याकडे.’ त्याची बोटे काडीवर आवळलेली असतात, नखे पांढरी पडलेली. विमान डावीकडे कलू लागते, तो उजवीकडे जास्त नेतो, मग पुन्हा डावीकडे त्याहून जास्त. मी स्विच सोडतो, विमान सरळ करतो, परत देतो. काही बोलत नाही. थोड्या फेऱ्यांनंतर तो काडी ढकलणे सोडून नुसती दाबू लागतो, आणि विमानाचे डुलणे थांबते. खांदे खाली येतात. तेवढ्यात मी विचारतो, ‘वारा कुठून आहे?’ आणि पहिल्यांदा तो विमानावरची नजर न काढता उत्तर देतो. या सगळ्यात विमान एकदाही धोक्यात आलेले नसते. मसुद्यात शिकवणीला ‘जोखीम’ म्हटले आहे. आपल्या मैदानावर नवख्याच्या हातातले विमान सर्वांत सुरक्षित असते ते याच वेळी.

आपल्या छंदाची वाटचाल पाहिली तरी हेच दिसते. पूर्वी प्रत्येकाचा ट्रान्समीटर ठरलेल्या चॅनेलवर चाले, कुठे ७२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, कुठे ३५ च्या. एकाच चॅनेलवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की विमान पडलेच म्हणून समजा. म्हणून मैदानावर फळा असे आणि त्यावर चॅनेलचे चिमटे. आपला चिमटा उचलल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, आणि चिमटा दुसऱ्याकडे असेल तर त्याच्याशी जाऊन बोलायचे. नवखा आला की त्याला फळ्याशी थांबावेच लागे, आणि तिथे कुणीतरी विचारी, ‘पहिल्यांदाच का? आण बघू विमान इकडे.’ सन २००५ पासून २.४ गिगाहर्ट्‌झचे संच बाजारात आले. ते आपली वाट आपोआप शोधतात, एकमेकांच्या आड येत नाहीत. मोठीच सोय झाली, पण फळा गेला आणि त्याबरोबर ते बोलणेही बरेचसे गेले. आज माणूस येतो, बॅटरी जोडतो आणि उडवतो. शेजारच्याचे नाव त्याला ठाऊक नसते. एकमेकांशी बांधून ठेवणारी जी एक गोष्ट उरली आहे ती शिकवणी, आणि ती काढून टाकण्याचा हा ठराव आहे. मग क्लबकडे उरते काय? कापलेले गवत आणि फाटकाची किल्ली.

वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ‘गफ’ हे विमान रेडिओवर उडवले. आज ते अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. एकाला विमानाची समज, दुसऱ्याला रेडिओची. पहिल्या पावलापासून हे दोघांचे काम आहे. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल यांचे बाल्सा या हलक्या लाकडाचे विमान न्यूफाउंडलंडहून निघून अटलांटिक ओलांडून आयर्लंडला पोहोचले. वजन इंधनासकट पाच किलोच्या आत, हवेत सुमारे ३९ तास, अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर. वाटेत ते स्वयंचलित यंत्रणेवर चालले, पण आयर्लंडच्या किनाऱ्यावर ट्रान्समीटर हातात घेऊन ते उतरवले डेव्ह ब्राउन यांनी. हिल यांचे वय तेव्हा ७७ होते आणि नजर फार अधू झाली होती. एवढ्या मोठ्या कामगिरीतही काडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

बाहेरच्या संघटना काय करतात तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्समध्ये अजून सभासद नसलेल्या माणसालाही नेमलेल्या शिक्षकाबरोबर काही काळ उडवून पाहण्याची सोय आहे. ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशनची ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा एकट्याने सुरक्षितपणे उडवता येते की नाही हे पाहते. उड्डाणाआधीची तपासणी, आठाच्या आकड्यातले उड्डाण, दोन्ही दिशांचे चौकोनी सर्किट, थ्रॉटल अगदी खाली ठेवून केलेले उतरणे, आणि शेवटी सुरक्षेवरचे तोंडी प्रश्न. मला हे फार शहाणपणाचे वाटते. परीक्षा घ्या, जरूर घ्या, कडक घ्या. मी तिच्या बाजूने आहे. मात्र ती एकट्याने उडवण्याआधी असावी. आपल्या ठरावाने ती फाटकावरच नेऊन ठेवली आहे.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ठराव मागे घ्यावा आणि त्याऐवजी शिकवणीची पाळी लावावी. आज तीन-चार माणसेच शिकवतात आणि तीच थकतात. तक्रारीचे मूळ तिथे आहे. ज्यांना चांगले उडवता येते अशा प्रत्येकाने महिन्यातून एक सकाळ दिली, तर कुणाचीच सुट्टी वाया जाणार नाही. ज्याला शिकवण्याची हातोटी नाही त्याने तपासणीचे टेबल सांभाळावे: पंखाचे बोल्ट आणि रबर, बिजागऱ्या, सर्व्होंचे (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरांचे) दुवे, रेंज चेक म्हणजे सिग्नल दूरवर पोहोचतो का, फेलसेफला म्हणजे सिग्नल तुटल्यावर थ्रॉटल खरोखर बंद होतो का, लायपो बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला आहे का आणि एखादी बॅटरी फुगली तर नाही ना. प्रॉपेलर लावलेल्या विमानाला बॅटरी जोडली की ते चालू विमान समजायचे, शेपूट कुणीतरी धरायची आणि प्रॉपेलरच्या पुढे किंवा रेषेत उभे राहायचे नाही, हे त्या टेबलाशी रोज नव्याने सांगितले जावे. बोटे कापली जातात ती जमिनीवर.

क्लबने स्वतःचे एक ट्रेनर ठेवावे, वर पंख असलेले, पंखांना थोडा वरचा कोन दिलेले, साधे, दुरुस्तीला सोपे. नवख्याने पहिल्याच दिवशी खरेदी करून येण्याची गरज उरणार नाही. बहुतेक जण चुकीचेच विमान घेऊन येतात; खाली पंख असलेले, दिसायला लढाऊ, वेगाने उतरणारे, कारण दुकानात तेच नजरेत भरते. ते विमान त्यांना आपण उडवू देत नाही, त्यांचा हिरमोड होतो, आणि त्यातले काही परत येत नाहीत. शिकवणी सकाळच्या पहिल्या तासात ठेवावी आणि त्या वेळी हवेत शिकवणीचेच विमान असावे. उरलेली सकाळ ज्येष्ठांची. यावर वाद होऊ शकतो, वेळ पुढेमागे करता येईल, मला त्याचा आग्रह नाही.

एका गोष्टीचा मात्र आग्रह आहे. नवख्याचे विमान पडले की पिट्समधून हसू येते ते थांबले पाहिजे. काठावर उभी राहून पाहणारी एक शाळकरी मुलगी बरेच दिवस येत होती. तिने एकदा धीर करून विचारले, ‘मला शिकवाल का?’ तिला उत्तर मिळाले की आधी सिम्युलेटरवर शिकून ये. उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. ती पुन्हा आली नाही. असे आणखी किती जण परतले असतील ते आपल्याला कधीच कळणार नाही, कारण त्यांची नावे कुठल्याच वहीत नसतात. मैदानावर दर वर्षी चेहरे तेच आणि वयही तेवढेच वाढलेले, अशी खंत मागच्या सभेत आपणच व्यक्त केली होती. त्या खंतीवर हा ठराव उपाय कसा ठरतो, हे सभेत कुणीतरी समजावून सांगावे.

पाळीच्या तक्त्यात पहिल्या महिन्याच्या सगळ्या सुट्ट्यांना माझे नाव घाला. ट्रेनरसाठी माझ्याकडचा पंख आणि दोन सर्व्हो देतो. मोटर आणि रिसीव्हर क्लबने घ्यावा. ठराव मतास टाकण्याआधी हे पत्र सभेत वाचून दाखवावे आणि शिकवणीचा पर्याय उपसूचना म्हणून नोंदवून घ्यावा, ही विनंती. उपसूचनेला अनुमोदक लागतो. जे तयार असतील त्यांनी सभेआधी मला मैदानावर भेटावे.

आपला,
क्लबचा एक सभासद आणि शिक्षक